रोल्स-रॉइस की बेंटली? आधी साल विचारा, मग नाव

“रोल्स मागे बसायला, बेंटली चालवायला.” गाड्यांच्या गप्पांमध्ये हे वाक्य कुणी ना कुणी टाकतंच, आणि बाकीचे माना डोलावतात. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. १९३० पर्यंत ते खरं होतं. पुढची पन्नासेक वर्षं ते जवळजवळ खोटं होतं. २००३ नंतर ते पुन्हा खरं झालं, पण आपोआप नाही. दोन जर्मन कंपन्यांनी ठरवून खरं केलं. म्हणून या दोन नावांपैकी एक निवडायचं असेल, मग ते गॅरेजसाठी असो की नुसत्या स्वप्नासाठी, तर ‘कुठला ब्रँड’ हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न गाडी कुठल्या सालची.

सुरुवातीपासून पाहू. हेन्री रॉइस हा गरिबीतून वर आलेला इंजिनिअर. त्याच्याकडे देकोविल ही फ्रेंच गाडी होती, ती त्याला पसंत पडेना, म्हणून त्याने स्वतःची बनवली. चार्ल्स रोल्स बड्या घरचा मुलगा, लंडनमध्ये परदेशी गाड्या विकायचा. मे १९०४ मध्ये मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात दोघांची भेट झाली आणि तिथून रोल्स-रॉइस ही कंपनी उभी राहिली. फारसं नाव घेतलं जात नाही ते कंपनीचा कारभार पाहणाऱ्या क्लॉड जॉन्सन या तिसऱ्या माणसाचं, आणि माझ्या मते रोल्सच्या कीर्तीचा खरा शिल्पकार तोच. १९०७ मध्ये त्याने एका गाडीला चंदेरी रंग दिला, तिचं नाव ‘सिल्व्हर घोस्ट’ ठेवलं आणि मुख्यतः लंडन-ग्लासगो मार्गावर १४,३७१ मैल पळवली. ज्या काळात गाडी घेऊन बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी गाडीतूनच परतेल याची खात्री नसायची, त्या काळात हा पराक्रम होता. ‘जगातली सर्वोत्तम गाडी’ हे बिरुद तिथून चिकटलं. आवाज नाही, हादरा नाही, आणि बंद पडत नाही: रोल्सची कीर्ती या तीन गोष्टींवर उभी राहिली. वेगाचा त्यात फारसा संबंध नव्हता.

बेंटलीची गोष्ट पंधरा वर्षांनी सुरू होते. डब्ल्यू. ओ. बेंटलीने १९१९ मध्ये कंपनी काढली. कारखाना लंडनच्या क्रिकलवूडमध्ये होता आणि पैशाची कायम ओढाताण. पण गाड्या दणकट आणि वेगवान होत्या. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत त्यांनी १९२४ मध्ये जिंकली, मग १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षं. त्यांतल्या शेवटच्या तीन शर्यती जिंकणारा वूल्फ बार्नाटो हा हिऱ्यांच्या खाणीवाल्या घराण्याचा वारस. कंपनीचा अध्यक्षही तोच आणि तिला जगवणारा पैसाही त्याचाच.

बेंटलीच्या कीर्तीत दोन ठिकाणी गडबड आहे. पहिली ‘ब्लोअर’ची. पुढे सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लटकवलेली हिरवी ब्लोअर ही आज बेंटलीची ओळख मानली जाते. पण ब्लोअरने ल मान्स कधीच जिंकलं नाही, आणि खुद्द डब्ल्यू. ओ.चा सुपरचार्जरला विरोध होता. बेंटलीचा शर्यतपटू टिम बर्किन याने हट्टाने ती बनवून घेतली. १९३० च्या ल मान्समध्ये त्याने जर्मन शर्यतपटू काराचोलाच्या मर्सिडीजचा पाठलाग केला, दोन्ही गाड्या शर्यतीतून बाद झाल्या, आणि जिंकली ती बार्नाटोची साधी, सुपरचार्जर नसलेली स्पीड सिक्स. दुसरी गडबड ‘ब्लू ट्रेन’ची. त्याच वर्षी बार्नाटोने फ्रान्समधल्या कानहून निघणाऱ्या ‘ब्लू ट्रेन’ या आगगाडीशी पैज लावली आणि ती आगगाडी कॅले बंदराला पोचायच्या आत तो लंडनला पोचलासुद्धा. ही गोष्ट खरी आहे. पण चित्रांमध्ये या पैजेसोबत जी देखणी, उतरत्या छपराची कूपे दाखवली जायची, ती पैजेतली गाडी नव्हेच. पैज जिंकली ती एका चौकोनी सलूनने. देखणेपणा पैजेला मागाहून चिकटला.

या काळातली गाडी घ्यायची असेल तर सल्ला कसला देणार? दोन्ही गाड्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. घोस्ट शांतपणे चालते. डब्ल्यू. ओ.च्या गाड्या चालवायला दंडात ताकद लागते. इथे निवड आवडीवर.

खरा गुंता १९३१ मध्ये सुरू झाला. मंदीत बेंटली बुडाली. नेपियर ही कंपनी ती विकत घेणार हे जवळजवळ ठरलं होतं, पण ऐन वेळी ‘ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट’ नावाच्या कुणीतरी जास्त बोली लावली. हा ट्रस्ट कुणाचा हे डब्ल्यू. ओ.लासुद्धा माहीत नव्हतं. नंतर कळलं, मागे रोल्स-रॉइस होती. स्पर्धक सव्वा लाख पौंडांत संपला आणि डब्ल्यू. ओ. स्वतः प्रतिस्पर्ध्याचा नोकर झाला. १९३५ मध्ये तो लगोंडा या दुसऱ्या मोटार कंपनीकडे निघून गेला.

तिथून १९८० च्या दशकापर्यंत बेंटली म्हणजे वेगळ्या ग्रिलची (पुढच्या जाळीची) रोल्स. हे काही वर्षं अर्धंमुर्धं खरं होतं, १९५५ नंतर अक्षरशः. सिल्व्हर क्लाउड आणि बेंटली एस शेजारी उभ्या करा आणि बॉनेटचा पुढचा भाग झाका. काय राहिलं वेगळं? बिल्ले, चाकांच्या टोप्या, झालं. इंजिन तेच, चामडं तेच, इंग्लंडमधल्या क्रू या गावच्या कारखान्यात बनवणारे हातही तेच. बेंटली किंचित स्वस्त असायची, कारण रोल्सचं ग्रिल हाताने घडवायला जास्त मेहनत लागायची. ते ग्रिल एकदा जवळून बघण्यासारखं आहे. लांबून त्याच्या कडा सरळ रेषेत वाटतात, पण त्यांना अगदी हलका फुगवटा दिलेला असतो, ग्रीक मंदिरांच्या खांबांना असायचा तसा. खरोखर सरळ ठेवल्या असत्या तर डोळ्याला त्या आत दबलेल्या दिसल्या असत्या. नुसत्या दिसण्यासाठी एवढा खटाटोप करणारी ही मंडळी, आणि त्यांनी एक अख्खा ब्रँड ग्रिलपुरता उरवला.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९६५ मध्ये सिल्व्हर शॅडो आली. तिचं बेंटली भावंड ‘टी’ शॅडोच्या जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास खपलं. तेवढेच पैसे मोजायचे तर लोक बॉनेटवर रोल्सची ती पंखवाली मूर्ती असलेलीच घेणार. आज मात्र हिशेब उलटा झाला आहे. बेंटली टी दुर्मिळ म्हणून जाणकार तीच शोधतात, आणि शॅडो एवढ्या बनल्या की पुष्कळशा लग्नाच्या वराती वाहून थकल्या.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली, तिच्यामुळे आजही लोकांचा गोंधळ होतो. १९७१ मध्ये रोल्स-रॉइस दिवाळखोरीत गेली, पण ती गाड्यांमुळे नव्हे. विमानाच्या आरबी-२११ या इंजिनाच्या खर्चाने ती बुडवली. सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९७३ मध्ये मोटारींचा धंदा वेगळा काढला. विमानांची इंजिनं बनवणारी रोल्स-रॉइस आणि गाड्या बनवणारी रोल्स-रॉइस या तेव्हापासून दोन निरनिराळ्या कंपन्या आहेत. “विमानाचं इंजिन बनवणाऱ्यांची गाडी” म्हणून कुणी भाव खात असेल तर खाऊ द्या, पण त्यावर पैसे लावू नका.

बेंटलीला जीवदान मिळालं ते १९८२ मध्ये. कारखाना तेव्हा व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीकडे होता. कुणीतरी जुन्या ६.७५ लिटरच्या व्ही-८ ला टर्बो लावायचा घाट घातला आणि मुल्सान टर्बो आली. ती पळायची झकास, पण वळणावर होडीसारखी कलायची. १९८५ च्या टर्बो आरमध्ये सस्पेन्शन चांगलं ताठ केलं आणि बेंटलीला पन्नास वर्षांनी स्वतःचा स्वभाव परत मिळाला. १९९१ ची काँटिनेंटल आर तर बॉडीसकट स्वतःची. नव्वदच्या दशकात बेंटलीचा खप रोल्सच्या बरोबरीला आला. ज्या कंपनीने तिला गिळलं, तिलाच ती पोसू लागली.

मग १९९८. व्हिकर्सने धंदा विकायला काढला. बीएमडब्ल्यूची बोली ३४ कोटी पौंडांची होती, फोक्सवॅगनने ४३ कोटी दिले आणि क्रूचा कारखाना, माणसं, बेंटलीचं नाव, अगदी ती मूर्ती आणि ग्रिलसुद्धा घेतलं. फक्त ‘रोल्स-रॉइस’ हे नाव राहिलं, कारण त्याचा हक्क विमान-इंजिनवाल्या कंपनीकडे होता. तो तिने बीएमडब्ल्यूला अवघ्या ४ कोटींत दिला. एकाकडे घर, दुसऱ्याकडे घराची पाटी. शेवटी तडजोड झाली: २००२ संपेपर्यंत फोक्सवॅगनने दोन्ही बनवायच्या, १ जानेवारी २००३ पासून रोल्स बीएमडब्ल्यूची. हा सौदा करणारे बीएमडब्ल्यूचे प्रमुख बर्न्ड पिशेट्सरीडर २००२ मध्ये चक्क फोक्सवॅगनचेच प्रमुख झाले, ही त्यातली गंमत.

इतिहासासाठी गाडी घेणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. आजची रोल्स इंग्लंडमधल्याच गुडवुडच्या नव्याकोऱ्या कारखान्यात बनते, ज्याला २००३ पूर्वीचा इतिहासच नाही. घोस्ट, क्लाउड आणि शॅडोचं नाव तिच्याकडे आहे, पण क्लाउड आणि शॅडो जिथे बनल्या ती जमीन बेंटलीकडे आहे. वारसा म्हणजे नाव की जागा, याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं. मी जागेच्या बाजूचा आहे, पण बॉनेटवरची मूर्ती बघितली की हा निश्चय डळमळतो हेही खरं.

आजच्या गाड्यांमध्ये मात्र निवड सोपी आहे. बीएमडब्ल्यूने रोल्सची जुनी कीर्ती नीट वाचली आणि तिच्याबरहुकूम गाडी घडवली. डॅशबोर्डवर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही, उलट किती ताकद अजून शिल्लक आहे ते दाखवणारा काटा आहे. मागची दारं उलटी उघडतात, दारात छत्री असते, चाकं फिरली तरी मधली अक्षरं सरळच राहतात. २०१७ च्या फँटमपासून आलेल्या सगळ्या नव्या गाड्यांचा सांगाडासुद्धा स्वतःचा, अ‍ॅल्युमिनियमचा. पेट्रोल इंजिन फक्त व्ही-१२. २०२३ च्या विजेवरच्या स्पेक्टरने तर मला पटवलंच. आवाज नको, हादरा नको हा हट्ट शंभर वर्षं धरलेल्या कंपनीला वीज जन्मजात शोभते. चार्ल्स रोल्सने स्वतः १९०० मध्ये विजेच्या गाडीचं कौतुक केलं होतं.

बेंटलीने पैसा आणि खप निवडला. २००३ ची काँटिनेंटल जीटी फोक्सवॅगन फेटनच्या सांगाड्यावर होती, बेंटायगा ऑडी क्यू-७ च्या कुळातली. बेंटलीच्या काही फ्लाइंग स्पर तर काही काळ जर्मनीत ड्रेस्डेनला जोडल्या गेल्या, क्रूला नव्हे. हे ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ. पण स्टिअरिंग हातात घेणाऱ्याला ते जाणवत नाही, आणि २००३ मध्येच बेंटलीने ल मान्स पुन्हा जिंकून दाखवलं (गाडी ऑडीची जवळची नातेवाईक होती, हे सोडून द्या). २०२२ मध्ये बेंटलीच्या १५,१७४ गाड्या गेल्या, रोल्सच्या ६,०२१. याचा खरेदीशी सरळ संबंध आहे. ज्या गाड्या जास्त बनतात त्या जुन्या बाजारात सहज मिळतात आणि त्यांचा भाव लवकर उतरतो. नवीन घेणाऱ्याचं नुकसान, जुनी घेणाऱ्याची चांदी. संपूर्ण विजेवर जायची बेंटलीची मुदत २०२४ मध्ये २०३० वरून २०३५ ला ढकलली गेली, त्यामुळे पेट्रोलप्रेमींनी घाई करायचं कारण नाही.

थोडक्यात, नवीन घेत असाल आणि गाडी दुसरं कुणी चालवणार असेल तर रोल्स. स्वतः चालवणार असाल आणि आठवड्यातून चार दिवस बाहेर काढणार असाल तर काँटिनेंटल जीटी. बेंटायगा आणि कलिनन या दोन एसयूव्हींपैकी कुठली, असं विचाराल तर मला दोन्ही नकोत.

जुन्या गाड्यांचं तसं नाही. १९५५ ते १९८० मधली घेताना बिल्ल्यासाठी जादा पैसे मोजू नका. कागदपत्रं ज्या गाडीची चांगली ती घ्या. शॅडोच्या हायड्रॉलिक्सचं (ब्रेक आणि सस्पेन्शन द्रवाच्या दाबावर चालवणाऱ्या यंत्रणेचं) तंत्र सिट्रोएनच्या परवान्यावर घेतलेलं होतं, आणि तिथेच खिसा रिकामा होतो. शॅडोला तिचं ठरावीक ब्रेक फ्लुइड लागतं, १९८० नंतरच्या सिल्व्हर स्पिरिटला आणि तिच्या बेंटली भावंडांना खनिज तेल. स्पिरिटमध्ये कुणी चुकून साधं ब्रेक फ्लुइड ओतलं की रबरी सील फुगून बाद होतात आणि सगळी यंत्रणा उकलावी लागते. गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला सहज विचारा, ब्रेकच्या टाकीत काय घालता म्हणून. तो क्षणभर जरी अडखळला, तर चहा घेऊन परत या.

१९९८-९९ ची बेंटली अर्नाज बघत असाल तर बॉनेट उघडल्याशिवाय बोलणी करू नका. आरंभीच्या अर्नाजमध्ये बीएमडब्ल्यूचं ४.४ लिटरचं इंजिन होतं. मालकी बदलल्यावर फोक्सवॅगनने घाईघाईने जुनं ६.७५ लिटरचं व्ही-८ परत बसवलं. बीएमडब्ल्यूवालीला ‘ग्रीन लेबल’ म्हणतात, दुसरीला ‘रेड लेबल’. शौकीन लाललेबलवाली मागतात, कारण १९५९ पासून चालत आलेलं ते इंजिन २०२० पर्यंत क्रूमध्ये बनत राहिलं. माझी स्वतःची पसंती याहून जुनी, टर्बो आर. ती बाहेरून दिसते रोल्सच, मागे बसणाऱ्यालाही तक्रारीला जागा नाही, आणि पुढे बसणाऱ्याला पाय दाबायचा मोह आवरत नाही. फक्त गंज बघून घ्या, विशेषतः मागच्या चाकांच्या कमानींपाशी.