आरटीई २५ टक्के प्रवेश: फुकट आहे, पण आठवीपर्यंतच

जिल्हा परिषदेची शाळा की खासगी, या वादात महाराष्ट्रातल्या बऱ्याच पालकांपुढे तिसरी वाट असते: शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी विनाअनुदानित खासगी शाळेत राखलेल्या २५ टक्के जागा. सेवा म्हणून या ऑनलाइन प्रवेशाला पास करायला हरकत नाही. अर्जाला पैसे पडत नाहीत, एजंटची गरज नाही, नंबर सोडतीने लागतो.

घोळ होतो तो नकाशावर. अर्जात गुगल मॅपवर लाल फुगा दिसतो. तो ओढून नेमका स्वतःच्या घरावर आणायचा. शाळेपर्यंतचं अंतर तिथून मोजलं जातं आणि १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य मिळतं, मग १ ते ३ किलोमीटरवाल्यांना. सायबर कॅफेवाला घाईत फुगा चौकात टाकून मोकळा होतो. मुद्दाम शाळेजवळ सरकवणारेही आहेतच. सोडतीनंतर पडताळणी समिती पत्त्याचा पुरावा ताडून बघते आणि लागलेला प्रवेश तिथे रद्द होतो. भाड्याने राहत असाल तर करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा, नोटरी चालत नाही. तोही अर्ज भरण्याआधीचा.

दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची अट वर्षाला १ लाख रुपये, म्हणजे महिन्याला जेमतेम ८,३३३. नियमित पगारावर कामाला असलेलं घर यात कसं बसायचं, हे सरकारलाच ठाऊक! अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी वगैरे वंचित गटाला आणि दिव्यांग मुलांना ही अट नाही. मात्र परराज्यातला जातीचा दाखला धरत नाहीत.

शाळा १० पर्यंत निवडता येतात म्हणून दहाही भरायचा मोह टाळा. निवड यादीत नाव येऊनही प्रवेश नाकारला तर त्या वर्षी पुढे विचार होत नाही. जिथे मुलाला खरंच पाठवाल तेवढ्याच शाळा टाका. एकाच मुलाचे दोन अर्ज तर अजिबात नकोत, दोन्ही बाद होतात.

वेळापत्रकावर फार विसंबू नका. ९ फेब्रुवारी २०२४ला सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून वगळलं. उच्च न्यायालयाने १९ जुलैला तो बदल रद्द केला. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता.

आता खर्चाचं. फी माफ आहे ती आठवीपर्यंत; नववीत पूर्ण फी अंगावर येते. नियमाने पुस्तकं आणि गणवेश मोफत असले तरी काही शाळा पैसे मागतात, आणि बसचं भाडं वेगळंच. त्यामुळे ३ किलोमीटरवरच्या शाळेत नंबर लागला, तरी घराजवळची जिल्हा परिषद शाळा एकदा बघून या. मुख्याध्यापकांना पट किती आणि प्रत्यक्ष हजर शिक्षक किती, एवढंच विचारा. ६० मुलांपर्यंत २ शिक्षक मिळतात, म्हणजे पहिली ते चौथीचे वर्ग जोडून बसतात. पट मोठा आणि शिक्षक पुरे असतील, तर दूरच्या सुमार इंग्रजी शाळेपेक्षा ती केव्हाही बरी.

प्रतीक्षा यादीत असाल तर एसएमएसची वाट बघत बसू नका. अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर स्वतः तपासा, कारण प्रवेशाची मुदत मेसेज न आल्याने वाढत नाही.