जुनं स्टायर एलपी १० : आधी सिलिंडर बघा, मग छर्रे

बेळगाव-निपाणी पट्ट्यात १० मीटर एअर पिस्तूल शिकणाऱ्याला नवं परदेशी पिस्तूल सहसा परवडत नाही. पुण्या-कोल्हापूरकडच्या एखाद्या नेमबाजानं वापरून काढलेलं मिळतं. इथं तपासलेलं स्टायर एलपी १० त्यातलंच. ४.५ मिमी नळी आणि २० जूलच्या आतली ताकद, त्यामुळे परवाना लागत नाही. तरी पावती जपून ठेवा.

विकणारा नळीचं कौतुक करत असतो, पण नळी सहसा खराब होत नाही. पैसे जातात ते दाबलेली हवा भरायच्या सिलिंडरमध्ये. त्यावर कोरलेली निर्मितीची तारीख वाचा. बऱ्याच कंपन्या १० वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत आणलं तर जबाबदारी नेमबाजाची. या पिस्तुलाचं सिलिंडर मुदतीबाहेरचं निघालं, म्हणून नव्याची किंमत सौद्यातून वजा करायला लावली. नवं २०० बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचं माप) भरून रात्रभर ठेवा. सकाळी दाब दाखवणारा काटा उतरलेला दिसला तर सील गेलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आटे पाडून देणारे कसबी कारागीर आहेत, पण २०० बारच्या भांड्यावर असले प्रयोग नकोत, कंपनीचंच सील घाला. ऑक्सिजन तर कधीच भरू नका, तेला-ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो. पावसाळ्यात हातपंप ओली हवा ओढतो, म्हणून मधे मधे थांबून पंपातलं पाणी सोडत जा.

मूठ आधीच्या मालकानं लाकडी पुट्टी भरून आपल्या तळव्यासारखी घडवलेली होती. ती कानशीनं उतरवता येते. मात्र स्पर्धेच्या नियमानं सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसायलाच हवं, आणि पुट्टी वाढली की पहिल्यांदा ५० मिमीची रुंदी ओलांडली जाते. ट्रिगर स्पर्धेतल्यासारखा ५०० ग्रॅमच्या वजनानं तपासला. वजन जेमतेम उचललं जात होतं, म्हणून स्क्रू किंचित घट्ट केला. तपासणीच्या टेबलावर हात थरथरला तरी वजन निसटू नये.

आता छर्रे. मूठ काढून पिस्तुलाची बॉडी चामड्याची पट्टी लावून व्हाइसमध्ये धरा. नळी किंवा सिलिंडर आवळलं तर मार, म्हणजे छर्रा लागायची जागा, सरकतो आणि चाचणी फुकट जाते. छर्रा बदलला की आधी दहा वाया घालवा, नळीत नव्या शिशाचा थर बसू द्या. मग पाच-पाचचे गट. भोकांच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरनं मोजून ४.५ वजा करा, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर मिळतं. लक्ष्याचा जाड कागदच वापरा. वहीच्या पानावर भोक फाटतं आणि माप चुकतं.

आरडब्ल्यूएस आर१०, ०.४५ ग्रॅम: ४.४९ आणि ४.५० मिमी अशा दोन्ही डोक्यांच्या छर्ऱ्यांचे गट वजाबाकीनंतर ३ ते ४ मिमी. एच अँड एन फिनाले मॅच, ०.४९ ग्रॅम: ५ मिमीच्या आसपास. सुट्या बाजारातला स्वस्त चपट्या तोंडाचा छर्रा मात्र १७ मिमीवर गेला. त्याचे काही दाणे ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, सैल पडत होते, काही दाबून बसवावे लागत होते, आणि डब्यातच घागरा (छर्ऱ्याची मागची पसरट कड) चेपलेले बरेच निघाले.

दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं. छर्ऱ्याची कड त्याला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे केंद्रांना १६ मिमीचं आवार मिळतं. पहिल्या दोन छर्ऱ्यांतला फरक शिकाऊ नेमबाजाला कागदावर दिसणारच नाही. फिनाले घ्या आणि वाचलेले पैसे सरावात घाला. स्वस्त छर्रा व्हाइसमधूनसुद्धा नऊ दाखवतो, तो घेऊच नका.

काटा ८० बारच्या खाली गेल्यावर मार खाली सरकू लागला. हा दोष छर्ऱ्याचा नाही. प्रत्येक गोळीला सारखा दाब देणाऱ्या रेग्युलेटरला पुरेसा दाब मिळेनासा झाला की वेग पडतो, म्हणून १०० बारला पुन्हा भरा. खानापूरकडच्या ओल्या हवेत उघड्या डब्यातले छर्रे पांढरे पडतात. झाकण घट्ट लावा, तेल लावू नका. पुढचे डबे घेताना डब्यावरचा लॉट क्रमांक तोच आहे का पाहा, आणि तोच असेल तर एकदम चार डबे उचला.