दोघांचाही दर १२ टक्के, मग व्याज वेगळं का?

लालबागला आमच्या शेजारच्या काकूंना मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी चाळीस हजार हवे होते. १० जूनला बांगड्या तारण ठेवायच्या आणि ऑगस्टमध्ये भिशी लागली की १४ तारखेला सोडवायच्या. सहकारी बँक वर्षाला १२ टक्के सरळव्याज सांगत होती, शिवाय सोनं तपासणीचे २५० रुपये. परवाना असलेल्या सावकाराची पेढी शेकडा एक रुपया महिना म्हणत होती, तपासणी फुकट. "म्हणजे दोन्ही सारखंच की गं," काकू म्हणाल्या.

सारखं नाही. बँक दिवस मोजते. पैसे उचलल्याचा दिवस सोडला तर जूनचे २०, जुलैचे ३१, ऑगस्टचे १४, एकूण ६५.

४०,००० × १२ × ६५ ÷ ३६,५०० = ८५४.७९

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ५० पैसे किंवा त्याहून जास्त असले की पुढचा रुपया, कमी असले की सोडून द्यायचे. म्हणून व्याज ८५५, तपासणी धरून ११०५.

पेढी महिने मोजते. १० ऑगस्टला दोन महिने भरतात, आणि तिसरा चालू झाला की पूर्ण महिन्याचं व्याज लागतं. वरच्या चार दिवसांचे ४०० रुपये! एकूण १२००.

काकूंच्या मुलाने मोबाइलवर हिशेब केला तर बँकेचं व्याज ७८० आलं. चूक बारीक होती. १२ भागिले ३६५ म्हणजे ०.०३२८७…, त्याने ते ०.०३ धरलं आणि मग गुणलं. तेवढ्याने ७५ रुपये गायब. रोजचं व्याज १३.१५ ऐवजी नुसतं १३ धरलं तरी ८४५ येतात. म्हणून आधी सगळे गुणाकार, मग एकदाच भागाकार, आणि पूर्णांक फक्त शेवटच्या आकड्याचा. बँकेत मात्र दोन गोष्टी विचाराच: वर्ष ३६५ दिवसांचं धरता की ३६० चं, आणि फेडीचा दिवस मोजता का. ३६० धरले तर हेच व्याज ८६७ होतं.

तरी बँकच स्वस्त असं मी डोळे झाकून म्हणणार नाही. १० ऑगस्टपर्यंत पैसे परत होणार असतील तर पेढीचे ८०० लागतात, बँकेचे ८०२ अधिक २५०. ११ ते २१ ऑगस्ट बँक परवडते. २२ पासून १० सप्टेंबरपर्यंत पुन्हा पेढी. मात्र रक्कम लाखाची असेल तर २५० रुपयांचं ओझं जाणवत नाही आणि हे गणित बँकेकडे झुकतं. पेढीवर गेलात तर परवाना बघा आणि दागिन्याचं वजन लिहिलेली पावती घेतल्याशिवाय उठू नका.

काकूंनी बँक निवडली. भिशी १३ ऑगस्टला लागते आणि १५ ला बँक बंद, म्हणून कॅलेंडरवर १४ तारखेभोवती त्यांनी लाल गोल केलाय.