मुलांना समुद्राचा इतिहास दाखवायचाय: मुंबईचं दालन, अलिबागचा कुलाबा की मालवण?

पुण्याला समुद्र नाही, पण दिवाळीत सोसायट्यांच्या अंगणात किल्ले उभे राहतात तेव्हा त्यांत दोन-चार जलदुर्ग असतातच. परातीत पाणी, मधोमध मातीचा सिंधुदुर्ग, कडेला कागदी गलबतं. असा किल्ला करणारी मुलं घरात असतील, तर सुट्टीत कुठे न्यायचं हा प्रश्न आज ना उद्या येतो. सल्ला आधी देतो, कारणं मागून. मूल दहाच्या आतलं असेल तर अलिबागचा कुलाबा किल्ला. वाचायची, विचारायची सवय लागली असेल तर मुंबई. मालवण सलग तीन दिवस हाताशी असतील तरच.

पुण्यातल्या पुण्यात काही आहे का? घोरपडीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात ‘आयएनएस त्रिशूल’ची प्रतिकृती आहे. १९६१ च्या गोवामुक्तीत अंजदीव बेटावर सैनिक उतरवण्याच्या कारवाईत ही नौका होती. एक सकाळ घालवायला ठीक. सुट्टीचा बेत म्हणाल तर तेवढ्याने भागणार नाही.

मुंबईचा मोठा फायदा म्हणजे गाडी काढावी लागत नाही. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली की साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटी, आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. तिथे सागरी वारशाचं स्वतंत्र दालन आहे. ते एक दालन आहे, अख्खं संग्रहालय नव्हे, हे घरातून निघतानाच मुलांना सांगून ठेवा. नाहीतर तासाभरात ‘आता पुढे काय?’ सुरू होतं. पुढे पुष्कळ आहे: असिरियाची कोरीव शिल्पं, प्राण्या-पक्ष्यांचा विभाग आणि २०१९ मध्ये सुरू झालेलं मुलांचं संग्रहालय. या शेवटच्या जागेसाठी मी मुंबईला जास्त गुण देतो, कारण मुलांसाठीच्या कार्यशाळा तिथे होतात. त्यांच्या तारखा आणि वयोगट संकेतस्थळावर जाहीर होतात. आधी तिथे नाव नोंदवा, मग रेल्वेची तिकिटं काढा. आपल्याकडे हे नेमकं उलटं होतं.

तारीख निवडायची मुभा असेल तर वर्षातले दोन दिवस लक्षात ठेवा. ४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ मध्ये आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेल्या हल्ल्याची ही आठवण. त्याच्या आगेमागे मुंबईत काही युद्धनौका पाहायला खुल्या होतात. वार आणि नियम दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात, ओळखपत्र मात्र सोबत हवंच. दुसरा ५ एप्रिल, राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ मध्ये याच दिवशी सिंदिया या जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. त्या कंपनीच्या संस्थापकांत वालचंद हिराचंद होते, म्हणजे आपल्या सोलापूरचा माणूस. पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बऱ्याच शाळांच्या परीक्षा असतात, त्यामुळे डिसेंबर बरा.

आता अलिबाग. काचेआडच्या जहाजापेक्षा कुलाब्याच्या तटाखाली गुडघाभर पाण्यात उभं राहणं लहान मुलांना जास्त कळतं, असं माझं स्पष्ट मत आहे. किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं, ते संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झालं. पुढे कान्होजी आंग्रे इथूनच आरमार चालवत. तटाचे दगड चुना न वापरता एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. मुलाला बोट घालून फट बघू द्या, वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आत गणपतीचं देऊळ आहे आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याचा साठाही आहे. तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत, त्यांच्यावरची अक्षरं वाचायला लावा. यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आहे. मराठ्यांच्या किल्ल्यावर इंग्रजांची तोफ कशी, हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे: वेळ तुमच्या हातात नाही. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला होडी लागते. कोकणातला जुना हिशेब इथे कामाला येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे दशमीला भरती साडेसातला, ओहोटी दुपारी दीडच्या सुमाराला. पुण्याहून सहाला निघून ताम्हिणीने किंवा खोपोली-पेणमार्गे आलेल्याला दशमी ते द्वादशी सोयीची पडते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, पण ती भांगाची, म्हणजे कमी जोराची असल्याने पाणी फारसं हटत नाही. तेव्हा भिंतीवरचं कालनिर्णय काढा, रविवार आणि तिथी जुळते का बघा, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर घोडागाडीवाल्याला पुन्हा विचारा. पाणी वाढायला लागलं की परत फिरायचं. तिथे फोटोसाठी थांबू नका.

आजी-आजोबा बरोबर असतील तर घोडागाडीने जाणं जमतं, पण आत शेवाळलेले दगड आणि डोक्यावर ऊन आहे. त्यांच्यासाठी मुंबईच बरी. पावसाळ्यातही मुंबईच, कारण तेव्हा कुलाबा बाद. खर्चाचं म्हणाल तर चौघांना रेल्वे स्वस्त पडते. अलिबागला टोल, डिझेल आणि दुपारचं जेवण धरून आकडा वाढतो, आणि परतीला घाटात गर्दी लागली तर रात्रीचे दहा वाजतात.

मालवणचा सिंधुदुर्ग या दोन्हींपेक्षा भव्य आहे, यात वाद नाही. १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याची उभारणी सुरू झाली. अठ्ठेचाळीस एकरांचा विस्तार, नजरेला चकवणारा दरवाजा, दूधबाव-दहीबाव-साखरबाव या विहिरी, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार जलदुर्ग आहेत. कुलाबा त्यात नाही, म्हणून तो पाहायला कमी ठरत नाही. मालवणला जायला-यायला दोन दिवस प्रवासातच जातात. गाडीत मळमळणारं मूल असेल तर विचारही करू नका.

निवतीजवळ ‘आयएनएस गुलदार’ ही निवृत्त नौका समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा बेत आहे. नौका जानेवारी २०२४ मध्ये सेवेतून बाहेर पडली आणि राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे आली. कल्पना झकास आहे, पण त्या भरवशावर मालवणचं आरक्षण करू नका. गुजरातेत लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल होतंय, तेही टप्प्याटप्प्याने. आराखड्यात चौदा दालनं आहेत, सत्त्याहत्तर मीटर उंचीचं दीपगृह-संग्रहालय आहे, आणि हे सगळं दोनशे मीटरहून जास्त लांबीच्या हडप्पाकालीन गोदीच्या जवळ. अहमदाबादला नातेवाईक असतील तर गोदी आत्ताही पाहून येता येईल. संकुलासाठी म्हणून मुद्दाम जाणार असाल, तर कोणती दालनं सुरू झालीत हे विचारूनच तिकीट काढा.