दोन्ही बाजूंनी चावीचं डेडलॉक: अकरा महिने वापरल्यावर

2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या बडोद्यातल्या अकोट्याच्या घरात गुडघ्याच्या वर आलं होतं. पाणी ओसरल्यावर पुढचं फ्लश डोअर बघितलं तर खालून प्लायचे थर सुटे होऊन पुस्तकासारखं उकललेलं. म्हणून दार नवीन केलं, सागाचं, 35 एमएम जाडीचं, आणि आईला पॅसेजमध्ये उजेड हवा होता म्हणून त्यात काचेची एक उभी पट्टी ठेवली. ही काच कुलपापासून जेमतेम वीतभर लांब, आणि तिच्यामुळेच पुढचं सगळं झालं.

कुणी काच फोडली, आत हात घातला आणि आतला नॉब फिरवला की दार उघडं, मग बाहेरून कुलूप कितीही भारी असो. त्यात नवरात्र तोंडावर आलेली, आणि बडोद्यात नवरात्रीत घरं रात्री एक-दीडपर्यंत रिकामी असतात हे चोरांनाही माहीत असतं. मांडवीकडे हार्डवेअरवाल्याला काचेचं सांगितलं तर त्याने लगेच विचारलं, "बेय बाजु चावी जोईए छे के एक बाजु नॉब?" मी म्हटलं, बेय बाजु, म्हणजे दोन्हीकडून चावी. मॉर्टाइस डेडलॉक (दाराच्या जाडीत खाच करून आत बसवायचं कुलूप), 60 एमएमचा सिलिंडर (चावी घालायचा भाग), पाच चाव्या, 2,150 रुपये. मिस्त्रीचे 600 वेगळे.

फिटिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण अर्धं कुलूप फिटिंगमध्येच असतं. लॉकची बॉडी साधारण 15 एमएम जाड, दार 35, म्हणजे दोन्ही अंगांना एकेक सेंटीमीटर लाकूड उरतं, ड्रिल जरा तिरपं गेलं की दार फाटलंच समजा. आमच्या मिस्त्रीकाकांनी दाराच्या कडेवर मधोमध पेन्सिलने रेघ मारली, तिच्यावर ओळीने भोकं पाडली आणि मग पटाशीने मधलं लाकूड काढत गेले, दर दोन मिनिटांनी बॉडी घालून बघायचे, परत काढायचे, फुंकर मारायचे. दोन तास गेले पण बॉडी अशी बसली की नख जाणार नाही. सिलिंडर बाहेरच्या प्लेटच्या जवळपास सपाट बसला पाहिजे, दोन-तीन एमएमपेक्षा जास्त बाहेर राहिला तर पकडीत धरून मोडता येतो, म्हणून जाडी मोजल्याशिवाय सिलिंडर घेऊ नका. आणि चौकटीतल्या पट्टीला, जिच्यात कुलपाचा दांडा म्हणजे बोल्ट जाऊन बसतो, कंपनीचे स्क्रू पाऊण इंचाचे होते, ते मी बदलायला लावून तीन इंची मारले, चौकटीतून थेट भिंतीत. दाराला लाथ बसली तर जोर त्या पट्टीवर येतो, आणि पाऊण इंचाचा स्क्रू काय धरणार.

चांगलं ते आधी सांगतो. डेडलॉकच्या बोल्टला स्प्रिंग नसतो, नाइट लॅचसारखा पत्रा सरकवून तो मागे ढकलता येत नाही. नवरात्रीच्या नऊ रात्री आणि दिवाळीत पुण्याला आठ दिवस, घर बंद करून गेलो आणि एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही. शिवाय घर रिकामं असताना कुणी दुसरीकडून आत शिरलाच तरी पुढच्या दारातून टीव्ही उचलून बाहेर पडू शकत नाही, आतूनही चावी लागते. या कामासाठी हे कुलूप खरंच उत्तम आहे.

पहिली अडचण जानेवारीत आली. सुरतहून रात्री साडेबाराला परत आलो, आईने आतून कुलूप लावून चावी तशीच भोकात ठेवलेली, आणि आत चावी असली की आमच्या सिलिंडरमध्ये बाहेरून चावी पूर्ण जातच नाही. बेल वाजवून, फोन करून पंधरा मिनिटं ओट्यावर बसलो होतो. आत चावी असली तरी बाहेरून उघडणारे सिलिंडरही असतात, घेतानाच विचारून घ्या, मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यानंतर नियम केला की चावी भोकात ठेवायची नाही, देवघराशेजारच्या खिळ्याला टांगायची. भोकात ठेवली तर तसाही काचेचा मुद्दा परत येतोच, हात घालून चावी फिरवायला कितीसा वेळ लागतो?

मग मे महिना. रात्री साडेतीनला मला जळका वास आला. हॉलमध्ये सोफ्यामागचा एक्स्टेंशन बोर्ड वितळत होता, धूर काळा, डोळ्यांत झोंबणारा. मी मेन स्विच पाडला, बायकोने मुलीला उचललं, आई खोकत खोकत दारापाशी जाऊन उभी राहिली. खिळ्याला चावी नव्हती. संध्याकाळी दूध आणायला जाताना नेलेली ती कापडी पिशवीत राहिली होती, आणि पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे. मोबाइलच्या टॉर्चमध्ये ती सापडेपर्यंत तीन-चार मिनिटं गेली असतील. आमच्याकडे सगळ्या खिडक्यांना लोखंडी ग्रिल, मागच्या दाराकडे जायचं तर धुरातूनच, म्हणजे बाहेर पडायला तेवढं एकच दार, आणि त्याच्यासमोर 74 वर्षांची माझी आई हाताने कुलूप चाचपत उभी. बोर्ड स्विच पाडल्यावर विझला, कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री नंतर मला झोप लागली नाही, कारण सारखं डोक्यात येत होतं की पुराच्या रात्री लाइट गेलेली असताना आम्ही अंधारात कडी काढून वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो होतो, तेव्हा दाराला हे कुलूप असतं आणि चावी पाण्यात पडली असती तर?

न्यू जर्सीच्या चुलत भावाला फोनवर सांगितलं तर तो चिडलाच, म्हणे आमच्याकडे घराचं बाहेर पडायचं दार आतून बिनचावीचं उघडलं पाहिजे असा कोडच आहे. मग मी बघितलं तर आपल्या नॅशनल बिल्डिंग कोड 2016 मध्येही बाहेर पडायच्या दारांसाठी हेच लिहिलंय, आतून चावीशिवाय उघडलं पाहिजे. दुकानदाराने नॉब हवा का हे विचारलं होतं, पण का हवा हे ना त्याने सांगितलं ना मी विचारलं.

लगेच त्याच बॉडीत सिलिंडर बदलला, बाहेर चावी आणि आत नॉब, 750 रुपये. काम दहा मिनिटांचं, स्वतः करता येतं: दार उघडं ठेवून कडेवरचा सिलिंडरच्या रेषेतला लांब स्क्रू काढायचा, चावी घालून किंचित फिरवायची, आतला दात बॉडीच्या रेषेत आला की सिलिंडर सरळ बाहेर येतो. काचेचं काय, तर तिच्या आतल्या बाजूने 4 एमएमची पॉलिकार्बोनेट (पारदर्शक, मजबूत प्लास्टिकची) शीट चौकटीत स्क्रूने बसवली. आता काच फुटली तरी हात आत येत नाही, आणि उजेड तितकाच. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, कमकुवत काच होती आणि मी कुलूप बदलत बसलो.

पावसाळ्याचं राहिलं. जुलैत साग फुगलं आणि बोल्ट पट्टीला घासायला लागला, चावी जोर लावून फिरवावी लागायची (असं करू नका, चावी आत तुटते). बोल्टच्या तोंडाला ओलं कुंकू लावलं, दार लावून बोल्ट फिरवला, उघडून बघितलं तर पट्टीच्या खालच्या कडेवर लाल ठिपका. तिथे कानशीने एक एमएम घासलं, संपलं. सिलिंडरमध्ये खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, धूळ धरून चिकटा होतो. पेन्सिलचं शिसं ब्लेडने खरवडून चावीला चोळायचं आणि चार-पाच वेळा आतबाहेर करायची.

जुना दोन्हीकडून चावीचा सिलिंडर मागच्या दाराला बसवलाय. तो फक्त गावाला जाताना लावतो, घरात कुणीही असलं की त्या दाराला नुसती कडी.