पोस्टाची जुनी तिकिटं विकली अन् पार गंडलो

मंडळी, मी दारव्ह्याकडच्या खेड्यातला, कापूस-तुरीवाला माणूस. भाव येईना म्हणून यंदा कापूस घरातच भरला, जागा करायला आज्याची लोखंडी पेटी सरकवली तर आतमधी बटर पेपरात गुंडाळलेली पोस्टाची तिकिटं निघाली. बरीचशी जॉर्ज राजाची, अन् चार गांधीजींची, 15 ऑगस्ट 1948 ला निघाली होती ती, त्याच्यावर 'बापू' लिहिलेलं. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे अन् एक मोठं दहा रुपयाचं. आजा पोस्टात होता, पण त्या काळात दहा रुपयाचं तिकीट घेऊन नुसतं ठेवून द्यायचं म्हणजे आजीनं किती ऐकवलं असन बाप्पा!

गावात जुनी नाणी घेणारा एक जण मोटरसायकलवर येते, त्याला दाखवली. त्यानं पहिले जॉर्ज राजाची घेतली, वीस-वीस रुपयाला, मी खुश. (ती ढिगानं मिळतात हे मागून कळलं.) मग मोबाईलवर बातमी दाखवली, गांधीजींच्या दहा रुपयाच्या चार तिकिटांची पट्टी 2017 मध्ये 5 लाख पौंडांना गेली. माह्या छातीत धडधड सुरू. तर म्हणते, "पण भाऊ, त्याच्यावर सर्व्हिस छापलेलं आहे, गव्हर्नर जनरलच्या ऑफिससाठी 100 च काढली होती, तुमचं साधं आहे." हे सगळं खरं होतं बरं का, म्या नंतर तपासलं.

मग कॅटलॉग उघडला. त्यात एकेका तिकिटापुढे दोन भाव असतात, डावीकडे कोऱ्याचा अन् उजवीकडे शिक्का मारलेल्याचा. डाव्या रकान्यावर त्याचा अंगठा. मला वाटलं पान धरून राहिला. आमचं तिकीट तर कोरं, मागचा गोंद चकचकीत, ते त्यानं वहीचं पान उलटवतात तसं थुंकीच्या बोटानं उलटवलं, गोंदावर डाग उठला, अन् लगेच, "पाहा, गोंद खराब आहे." चारही मिळून 600 रुपये दिले.

पुतण्यानं नागपूरच्या एका जुन्या संग्राहकाला फोटो दाखवले तर त्याचा पहिला प्रश्न, मागच्या बाजूचा फोटो कुठाय? गोंद शाबूत आहे का, कडेचे दाते तुटले का, अल्बममध्ये चिकटवल्याचा डाग आहे का, यावर सगळा भाव. कॅटलॉगातला भाव दुकानाचा असते, आपण विकायला गेलो तर तेवढा भेटत नाही, पण 600 म्हणजे लूट झाली म्हणे. कापसात ओलावा दाखवून व्यापाऱ्यानं पन्नास रुपये कापले तर मी तासभर भांडतो, अन् इथं ओलं बोट डोळ्यांदेखत लागलं तरी गप्प बसलो.

तुमच्या घरी असतील तर पाकिटावरून काढू नका, पाण्यात तर बिलकुल टाकू नका, शिक्क्यासकट अख्ख्या पाकिटाला कधी कधी जास्त किंमत असते. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, दोघा-तिघांना विचारा, अन् कॅटलॉग आपल्या हातात घेऊन वाचा.

त्याचा फोन आता लागत नाही. मागच्या बुधवारी शेजारच्या गावात दिसला म्हणे, पोस्टातून रिटायर झालेल्यांची घरं विचारून राहिला होता.