रंग चढलेला रुपया की खराब झालेला रुपया : इंदूरच्या सराफ्याजवळील एका नाण्यांच्या दुकानाविषयी

इंदूरच्या सराफ्याला लागून असलेल्या एका गल्लीतील जुन्या नाण्यांच्या दुकानाविषयी हे परीक्षण आहे. दुकान लहान आहे, तरीही चांदीची नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तेथे जावे असे मला वाटते. याचे कारण एकच : हे दुकानदार नाणे विकण्यापूर्वी घासत नाहीत, धूत नाहीत आणि कोणी आग्रह केला तरी उजळून देत नाहीत. ‘काका, जरा चमकवून द्या ना’ अशी मागणी करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते शांतपणे, पण ठाम नकार देतात. प्रत्येक नाण्याच्या पाकिटात एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर साल, टाकसाळ व वजन यांच्यासोबत पृष्ठभागाविषयी एक ओळ लिहिलेली असते : ‘रंग नैसर्गिक’, ‘पूर्वी धुतलेले’, ‘कडी काढून घासलेले’. या एका ओळीमुळेच दुकानाविषयी विश्वास वाटतो.

ही ओळ इतकी महत्त्वाची का, हे चांदीच्या स्वभावावरून समजते. हवेतील, कागदातील, पुठ्ठ्यातील किंवा लोकरीतील गंधकाची संयुगे चांदीला लागली की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. थराच्या वरून आणि खालच्या धातूवरून परत फिरणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, त्यामुळे थर जसजसा जाड होतो तसतसा रंग बदलत जातो : आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, जांभळा, निळा आणि अखेरीस काळा. हा थर बाहेरून येऊन बसलेली धूळ नव्हे, तो नाण्याच्याच चांदीपासून बनलेला असतो. म्हणून आम्लयुक्त द्रावणात बुडवून काळेपणा काढला की तेवढी चांदीही निघून जाते, आणि छाप मारताना धातू पसरल्याने पृष्ठभागावर उमटलेल्या ज्या सूक्ष्म रेषांमुळे कोऱ्या नाण्याला झळाळी येते, त्याही पुसट होतात. असे नाणे पांढरेशुभ्र दिसते, परंतु निर्जीव वाटते. चिंच, राख किंवा पितळ घासण्याची पेस्ट वापरली असेल तर नुकसान आणखी स्पष्ट असते, कारण त्यामुळे सर्वत्र एकाच दिशेने बारीक ओरखडे उठतात.

दुकानात नाणे पाहण्याची पद्धत मला विशेष आवडली. दुकानदार दहापट मोठे दाखवणारे भिंग देतात, टेबलावरचा एकच दिवा लावतात आणि नाणे कडेने धरून हळूहळू कलते करायला सांगतात. नैसर्गिक रंगाखाली झळाळी शाबूत असेल, तर उजेडाचा पट्टा रंगाच्या आतूनच फिरताना दिसतो. १८६२ सालच्या एका व्हिक्टोरिया रुपयावर कडेला निळसर आणि मध्याकडे हळूहळू सोनेरी होत जाणारा रंग होता, आणि अक्षरांच्या आडोशाला राहिलेली जागा किंचित फिकट होती. (१८६२ हे साल १८७४ पर्यंतच्या रुपयांवर तसेच ठेवले गेले, त्यामुळे केवळ साल वाचून वय ठरवू नये, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.) त्याच्याशेजारी त्यांनी मुद्दाम रंगवलेला एक रुपया ठेवला. त्यावरचे जांभळे-निळे डाग राणीचा चेहरा आणि मोकळी जागा यांच्यात भेद न करता मध्येच सुरू होऊन मध्येच संपत होते, आणि ओरखड्यांच्या आतही रंग उतरलेला होता, म्हणजे आधी घासणे आणि मग रंगवणे हा क्रम उघड दिसत होता. हा रुपया ते विकत नाहीत, केवळ शिकवण्यासाठी ठेवतात.

होळकरांच्या नाण्यांचा त्यांचा संग्रह इंदूरच्या लौकिकाला साजेसा आहे. सूर्यमुखाची मल्हारनगर टाकसाळीची आणि शिवलिंग व बिल्वपत्र असलेली महेश्वरची अशी हाताने छापलेली नाणी येथे पाहायला मिळतात. या नाण्यांना यंत्राने छापलेल्या कलदार रुपयाचे निकष जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे दुकानदार नीट समजावून सांगतात. चांदी पारखताना सराफांनी मारलेले छोटे ठसे हे त्या नाण्याच्या चलनाचा इतिहास आहेत, आणि मीही त्यांना दोष मानत नाही. मात्र माळेत ओवण्यासाठी डाख देऊन लावलेली कडी पुढे काढून टाकली असेल, तर तो निश्चितच दोष आहे, आणि चिठ्ठीत तो लपवलेला नसतो. जमिनीत पुरून राहिलेल्या नाण्यांवरची खडबडीत, खड्डे पडलेली काळी पुटेही ते वेगळी ठेवतात. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असे नव्हे, आणि फार जाड झालेला काळा थर धातूला खातच असतो, हा फरक अनेक विक्रेते सांगत नाहीत. १९४० ते १९४५ या काळातील रुपयांविषयीही त्यांचे मत रास्त आहे : त्यांत चांदी ५० टक्केच आणि तांबे ४० टक्के असल्याने त्यांच्यावर पूर्वीच्या ९१.७ टक्के चांदीच्या रुपयासारखे सुंदर रंग सहसा चढत नाहीत, त्यामुळे असा रंगीबेरंगी रुपया कोणी दाखवला तर अधिक सावध असावे.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. इतकी काळजी घेणारे दुकानदार नाणी मऊ, चिकट, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवतात. अशा पीव्हीसी पाकिटांतून कालांतराने जो हिरवट चिकट थर सुटतो, तो नाण्याच्या पृष्ठभागाला इजा करतो. सुरुवातीलाच लक्षात आले तर शुद्ध ॲसिटोनने तो निघतो आणि सल्फाइडच्या रंगाला धक्का लागत नाही, परंतु उशीर झाला तर खाली खुणा उरतात. नैसर्गिक रंगाच्या नाण्यांना ते जास्त किंमत लावतात, ती मला योग्य वाटते, पण त्या किमतीत कडक, पीव्हीसीविरहित डबी मिळायलाच हवी. मागितल्यास डबी देतात, तिचे पैसे वेगळे घेतात. खरेदी करताना ती तेथेच मागून घ्यावी आणि नाणे आपल्यासमोर कडेने धरून तिच्यात ठेवायला सांगावे.